सहा फूट चार इंच आणि एक खुलासा

मंडळी, तारीख २२ सप्टेंबर १८४२, वार गुरुवार. मिसिसिपी नदीच्या अलीकडच्या काठावर इलिनॉय राज्यातलं ऑल्टन गाव, पलीकडे मिसुरी राज्य, आणि मिसुरीच्या बाजूला नदीत एक बेट. त्या बेटावर दोन माणसं एकमेकांना तलवारीने कापायला आली होती. एक होता इलिनॉय राज्याचा ऑडिटर, म्हणजे सरकारी हिशेब सांभाळणारा बडा अधिकारी, जेम्स शील्ड्स. दुसरा स्प्रिंगफील्ड गावचा वकील, वय वर्षं ३३, नाव अब्राहम लिंकन. हो, तोच. नोटेवरचा.

बेट कशाला, तर इलिनॉयमध्ये द्वंद्वयुद्ध हा गुन्हा होता. शील्ड्ससुद्धा वकीलच. म्हणजे कायदा शिकलेले दोन सभ्य गृहस्थ कायदा मोडू नये म्हणून होडीत बसून हद्दीपलीकडे गेले होते. वकिलांचं काही सांगता येत नाही. :)

हे युद्ध झालं नाही, हे तर उघडच आहे. प्रश्न आहे तो का झालं नाही याचा. यावर दोन उत्तरं नेहमी सापडतात. पहिलं असं, की लिंकनची उंची आणि हातांची लांबी बघून शील्ड्सची पाचावर धारण बसली. दुसरं, की लिंकनने माफी मागितली. मला दोन्ही उत्तरं अर्धी वाटतात, आणि गंमत म्हणजे ती एकमेकांच्या आधारानेच उभी राहतात. या विकांताला तेच जरा उलगडून बघू.

आधी भांडण कशावरून? पैशावरून. फेब्रुवारी १८४२ मध्ये स्टेट बँक ऑफ इलिनॉय बुडाली. लोकांच्या हातात त्या बँकेच्या नोटा, आणि त्यांची किंमत रद्दीच्या मार्गाला लागलेली. ऑगस्टमध्ये सरकारने फर्मान काढलं की या नोटांत कर घेतला जाणार नाही, सोनं-चांदी आणा. म्हणजे सरकारचीच नावापुरती बँक, आणि तिची नोट सरकारच घेईना. शेतकरी भडकले. फर्मानावर सही करणाऱ्यांत ऑडिटर शील्ड्स होता, तो डेमोक्रॅट पक्षाचा. लिंकन विरोधी व्हिग पक्षाचा. आयतं कोलीत मिळालं म्हणायचं.

सँगमो जर्नल नावाच्या स्थानिक पेपरात 'रेबेका' नावाच्या एका खेडवळ बाईच्या नावाने पत्रं छापून येत. २ सप्टेंबरच्या अंकात आलेलं रेबेकाचं पत्र लिंकनने लिहिलं होतं. पत्राचा पहिला भाग नोटा, कर, सरकारची लबाडी यावर आहे, आणि तो चांगला चिमटे काढणारा आहे. तिथेच थांबता तर कुणी तलवार काढली नसती. पण लिंकन पुढे शील्ड्सच्या अंगावर घसरला. एका समारंभात हा गडी बायकांच्या घोळक्यात कसा हवेत तरंगत होता, वजन म्हणून काही नाहीच, जणू मांजरांच्या भांडणात उडालेले केस; आणि चेहऱ्यावर असा भाव की बायांनो, मी इतका देखणा आहे यात माझा काय दोष, सगळ्यांशी लग्न तर नाही ना करता येत! असं सगळं ठसक्यात रंगवलेलं.

आता शील्ड्स आयर्लंडमधून आलेला, स्वतःच्या बळावर वर चढलेला, आणि आपल्या दिसण्या-राहण्याबद्दल भयंकर हळवा. धोरणावर टीका झाली तर राजकारणी माणूस खांदे उडवतो, पण तुझ्या चालण्यावर, तुझ्या रूपावर अख्खं गाव हसलं की तो राजकारणी राहत नाही. तिथे वाद संपतो आणि हात शिवशिवायला लागतात.

लिंकनला हे माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. दोनच वर्षांपूर्वी, जुलै १८४० मध्ये, स्प्रिंगफील्डच्या कोर्टाच्या इमारतीत जेसी थॉमस नावाच्या विरोधकाला त्याने भर सभेत असंच सोललं होतं. भाषणाला उत्तर देताना थॉमसची चाल, त्याचे हातवारे, आवाज यांची हुबेहूब नक्कल. लोक हसून हसून लोळले आणि थॉमस, जो तिथेच बसला होता, रडत बाहेर पडला. लिंकन मागाहून त्याच्याकडे गेला आणि त्याने माफी मागितली. गावात हा प्रसंग 'थॉमसची सालडी' अशा अर्थाच्या नावाने वर्षानुवर्षं सांगितला जायचा. लक्षात घ्या, तिथे हाणामारी झाली नाही. थॉमसचा अपमान शील्ड्सपेक्षा कमी नव्हता, उलट तोंडावर झाला होता. पण माफी मागणारा आपल्या पायाने, कुणी न मागता, गेला होता.

शील्ड्सच्या वेळी क्रम उलटा पडला. आणि मध्ये आणखी एक पत्र आलं, ज्याकडे लोक फारसं लक्ष देत नाहीत. मला मात्र या सगळ्या प्रकरणात तेच सर्वांत घातक वाटतं.

झालं असं, की शील्ड्स चिडलाय आणि लिहिणाऱ्याकडून भरपाई वसूल करणार आहे, असं गावभर झालं. तेव्हा ९ सप्टेंबरच्या अंकात रेबेकाचं दुसरं पत्र आलं. हे लिंकनचं नव्हतं. ते मेरी टॉड, म्हणजे लिंकनची होणारी बायको, आणि तिची मैत्रीण ज्युलिया जेन यांनी लिहिलं असं मानलं जातं. त्यात रेबेका घाबरल्याचं सोंग आणते आणि म्हणते की मारामारीपेक्षा मी हवी ती माफी मागते. तरी साहेबांचं समाधान होत नसेल तर त्यांनी येऊन माझा हात दाबावा. तेही पुरेसं नसेल तर लग्न करून टाकू. आणि लढायचंच असेल तर झाडू, गरम पाणी किंवा फावडंभर निखारे यांतलं हत्यार निवडीन.

विनोद म्हणून झकास आहे. पण खोटी माफी ही शिवीपेक्षा वाईट असते. शिवी दिल्यावर समोरच्याकडे निदान 'माफी माग' म्हणायची सोय उरते. खोटी माफी ती सोयच काढून घेते, कारण आता तो जे मागायला येणार त्याचीच आधीच थट्टा झालेली असते. मग उरतं काय? हत्यार.

शील्ड्सने संपादक सिमियन फ्रान्सिसला विचारलं, लिहिणारा कोण? लिंकनने संपादकाला सांगितलं की माझं एकट्याचं नाव दे. बायकांची नावं बाहेर येऊ दिली नाहीत. लिंकन तेव्हा ट्रेमाँट नावाच्या गावी कोर्टाच्या कामावर होता. शील्ड्स आपला मित्र जनरल व्हाइटसाइड याला घेऊन निघाला. हे कळताच लिंकनचे मित्र मेरीमन आणि बटलर यांनी रात्रभर घोडी दामटली, शील्ड्सला वाटेत मागे टाकलं आणि आधी पोचून लिंकनला सावध केलं.

१७ तारखेला शील्ड्सचं पत्र लिंकनच्या हातात पडलं. मजकूर थोडक्यात असा: तुम्ही ही लिखाणं केलीत, सगळं संपूर्णपणे मागे घ्या आणि माफी मागा, नाहीतर परिणामांची जबाबदारी तुमची. लिंकनचं उत्तर: तुम्ही मीच लेखक आहे का हे विचारलंच नाहीत, नेमकं काय झोंबलं तेही सांगितलं नाहीत, आणि वर धमकी दिलीत, अशा पत्राला मी उत्तर देणार नाही. शील्ड्सने दुसरं पत्र पाठवून रीतसर विचारलं, तुम्ही लेखक आहात का? लिंकन म्हणाला, पहिलं पत्र मागे घ्या, मग बोलू.

आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. ए प्रोसेस बीच्या कुलपाची वाट बघतेय, बी प्रोसेस एच्या. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि सिस्टीम ठप्प. शील्ड्स धमकी मागे घेणार नाही कारण अजून माफी आलेली नाही, लिंकन माफीचा शब्द काढणार नाही कारण धमकी अजून टेबलावर आहे. धमकीखाली मागितलेली माफी म्हणजे शेपूट घालणं. हे दोघांनाही ठाऊक होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. द्वंद्वयुद्ध म्हणजे दोन डोकं फिरलेले पुरुष असं चित्र आपल्यासमोर असतं. प्रत्यक्षात त्याच्या नियमावल्या वाचल्या तर त्यात मारण्यापेक्षा माफीबद्दलच जास्त लिहिलेलं आहे. सर्वांत गाजलेली नियमावली आयर्लंडमध्ये क्लॉनमेल इथे १७७७ साली ठरली. तिचा पहिलाच नियम असा की पहिली आगळीक ज्याची, पहिली माफी त्याची, मग समोरच्याचं प्रत्युत्तर कितीही जहाल का असेना. पाचवा नियम तर बघण्यासारखा आहे. एका सभ्य माणसाने दुसऱ्यावर हात उचलला, तर नुसती तोंडी माफी चालणार नाही. गुन्हेगाराने स्वतःच्या हाताने छडी पुढे करायची, पाठ द्यायची आणि त्याच वेळी क्षमा मागायची. नाहीतर मग पिस्तुलं आहेतच.

प्रत्येक बाजूला एक साथीदार असायचा, त्याला 'सेकंड' म्हणत. त्याचं खरं काम पिस्तूल भरून देणं नव्हतं, तर मांडवली करणं हे होतं. दोघांनाही मान खाली न घालता घरी जाता येईल असा मजकूर तयार करायचा. बहुतेक भांडणं अशी कागदावरच मिटत. जी मिटली नाहीत ती इतिहासात गेली.

त्यातलं सर्वांत गाजलेलं म्हणजे हॅमिल्टन आणि बर यांचं. लिंकनच्या आधी ३८ वर्षं. अलेक्झांडर हॅमिल्टन अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री, ॲरन बर तेव्हाचा उपराष्ट्राध्यक्ष. एप्रिल १८०४ मध्ये एका पेपरात डॉ. चार्ल्स कूपर यांचं पत्र छापून आलं. त्यात होतं की हॅमिल्टनने जेवणाच्या एका बैठकीत बरबद्दल वाईट मत दिलं, आणि शिवाय त्याहूनही हीन असं एक मत आहे ते मी सांगू शकेन. हे 'त्याहूनही हीन' काय होतं हे आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही! १८ जूनला बरने चिठ्ठी पाठवली की कबूल करा किंवा नाकारा, ताबडतोब. हॅमिल्टनने २० तारखेला उत्तर दिलं ते एखाद्या व्याकरणाच्या मास्तरासारखं. 'हीन' या शब्दाला अनंत छटा आहेत, 'त्याहूनही' म्हणजे कशाहून, पंधरा वर्षांतल्या बोलण्यावरून तिसऱ्याने काढलेल्या अर्थाला मी कसा जबाबदार, वगैरे वगैरे. तर्काने बघितलं तर बिनचूक. आणि परिणाम काय, तर बर आणखी पेटला. पुढच्या पत्रांत त्याची मागणी वाढत गेली: आता एका वाक्याबद्दल नको, मला कमीपणा यावा असा तुमचा हेतू कधीच नव्हता असं सरसकट लिहून द्या. ते हॅमिल्टन देणार नव्हता, कारण ते खोटं ठरलं असतं. बरला कमी लेखणं हे तर त्याचं अनेक वर्षांचं काम होतं.

११ जुलै १८०४ ला सकाळी न्यू जर्सीतल्या वीहॉकेनला दोघं समोरासमोर आले. हॅमिल्टन दुसऱ्या दिवशी गेला. त्याचा थोरला मुलगा फिलिप १८०१ मध्ये असाच द्वंद्वात गेला होता. म्हणजे या प्रथेची किंमत हॅमिल्टनला पुस्तकातून शिकायची नव्हती. तरीही त्याने मागे ठेवलेल्या टिपणात लिहिलंय की ही प्रथा मला मान्य नाही, पण पुढे सार्वजनिक जीवनात उपयोगी पडायचं तर लोकांच्या या समजुतीपुढे मान तुकवणं भाग आहे. आणि एक चटका लावणारी गोष्ट: १७९७ मध्ये याच हॅमिल्टनचं जेम्स मन्रोशी द्वंद्व होता होता राहिलं होतं. ते मिटवण्यात मन्रोच्या बाजूने कोण होतं? ॲरन बर!

आता दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे छापलेला अपमान, धमकीवजा पत्र, ताठर उत्तर, वाढत जाणारी मागणी. मग एक वीहॉकेनला संपलं आणि दुसरं होडीत बसून परत आलं, हे कसं?

एक उत्तर हत्यारात आहे. हॅमिल्टन आणि बर पिस्तुलांनी लढले. दोघंही साडेपाच फुटांच्या आसपास, पण असते सात आणि चार फुटांचे तरी काय फरक पडला असता? पिस्तुलापुढे शरीराला किंमत नाही. झालाच तर धिप्पाड माणसाचा तोटा, निशाणा मोठा मिळतो. आता लिंकन. ज्याला आव्हान मिळतं त्याला हत्यार निवडायचा हक्क. लिंकन सहा फूट चार इंच. शील्ड्स पाच फूट नऊ इंच असल्याचं चरित्रांत येतं. लिंकन नुसता उंच नव्हता, तर त्याचे हातपाय लांबच्या लांब, लहानपणापासून कुऱ्हाड चालवून मुरलेले. न्यू सेलम गावात १८३१ मध्ये जॅक आर्मस्ट्राँग नावाच्या तिथल्या दादाशी त्याची कुस्ती झाली होती. कोण जिंकलं याबद्दल कथा वेगवेगळ्या आहेत, पण त्यानंतर ती सगळी टोळी त्याची दोस्त झाली. या माणसाने निवडलं काय? घोडदळाच्या, मिळतील तेवढ्या मोठ्या, रुंद पात्याच्या तलवारी.

नुसत्या तलवारी नाहीत, तर लेखी स्पेसिफिकेशनसकट. १९ तारखेच्या त्या कागदावर असं आहे: दहा फूट लांब, नऊ ते बारा इंच रुंद फळी जमिनीवर कडेवर उभी करायची. ती मधली सीमा. तिच्यापलीकडे कुणी पाय टाकला तर जीव गमावला. शिवाय दोन्ही बाजूंना फळीला समांतर एकेक रेषा, फळीपासून तलवारीची पूर्ण लांबी अधिक तीन फूट इतक्या अंतरावर. मागे सरकताना जो आपली रेषा ओलांडेल त्याने शरणागती पत्करली असं समजायचं.

मी कागद-पेन घेऊन बसलो. तलवार मुठीसकट साधारण साडेतीन फूट धरू. म्हणजे मागची रेषा फळीपासून साडेसहा फुटांवर. अधिकचे तीन फूट म्हणजे साधारण लांब माणसाचा हात. म्हणजे मागच्या रेषेवर उभा असलेला माणूस समोरच्याच्या पात्याच्या टप्प्यात जेमतेम येतो किंवा येत नाही. फळीपाशी मात्र ज्याचा हात लांब त्याचं राज्य: तो कापू शकतो, दुसरा पोचू शकत नाही. लिंकनने असंच गणित मांडलं होतं असा माझा दावा नाही. पण ही आखणी खुनासाठी केलेली वाटत नाही. पुढे गेलास तर हरशील, मागे सरकलास तर फक्त शरणागती, अशी ती आहे. वकील मित्र अशर लिंडर याच्या आठवणींनुसार लिंकन त्याला पुढे म्हणाला होता की मला त्याला मारायचं नव्हतं, पण पिस्तुलं निवडली असती तर त्याने मला मारलं असतं.

बेटावर पोचल्यावर लिंकनने तलवार उचलून, शील्ड्सच्या डोक्यावरून हात लांबवून, झाडाची उंचावरची एक फांदी छाटली, अशी एक कथा सांगतात. कथा असेल, जरा जास्तच सिनेमातली वाटते. पण फांदी छाटली नसली तरी सहा फूट चार इंच सगळ्यांना दिसतच होते.

तर मग शील्ड्स घाबरला? मला नाही पटत. हाच माणूस पुढे १८४७ मध्ये मेक्सिकोच्या युद्धात सेरो गोर्डोला छातीत गोळी खाऊन वाचला आणि पुन्हा लढायला उभा राहिला. उंच माणूस दिसला म्हणून होडीत बसणारा हा गडी नव्हता. शिवाय तो बेटापर्यंत आलाच होता, अटी आधीच वाचून.

खरी हालचाल झाली ती मधल्या माणसांमुळे. जॉन हार्डिन, जो मेरी टॉडचा नात्यातला होता, आणि इंग्लिश नावाचे आणखी एक गृहस्थ धावत पळत बेटावर पोचले. मांडवली सुरू झाली. शील्ड्सच्या मित्रांनी त्याच्या वतीने आधीची पत्रं मागे घेतली. म्हणजे कागदोपत्री ती धमकी दिलीच गेली नव्हती. रोलबॅक. आणि मग लिंकनने १९ तारखेलाच लिहून ठेवलेला मजकूर बाहेर आला. होय, हा मजकूर तलवारींच्या अटी ज्या कागदावर होत्या त्याच कागदावर, त्यांच्या आधी लिहिलेला होता: शील्ड्सने पहिलं पत्र मागे घेऊन धमकीशिवाय विचारलं, तर हे उत्तर द्यावं.

काय होतं उत्तरात? की २ तारखेचं पत्र मी लिहिलं, दुसऱ्या कशात माझा हात नाही. ते निव्वळ राजकीय परिणामासाठी लिहिलं. माणूस म्हणून तुमच्या खाजगी अब्रूला धक्का लावायचा हेतू नव्हता. तसं होईल असं वाटलं असतं तर लिहिलं नसतं. तुमचं माझ्याशी वागणं नेहमी सभ्यपणाचं राहिलंय आणि माझ्या मनात वैयक्तिक आकस नाही.

यात 'माफ करा' कुठेही नाही. हवं तर पुन्हा वाचा. मराठीत आपल्याकडे यासाठी फार बारीक जिना आहे: खुलासा, दिलगिरी, माफी, आणि तळाला नाक घासणं. विधानसभेत 'माफी मागा' म्हणून गोंधळ होतो आणि शेवटी मंत्री उठून 'दिलगिरी व्यक्त करतो' म्हणतात, तेव्हा हा अर्ध्या पायरीचा फरक दोन्ही बाजूंना नीट कळतो. शील्ड्सने माफी मागितली होती, त्याला मिळाला खुलासा. तरी चाललं, कारण त्याचं नेमकं दुखणं त्यात सापडलं होतं. नोटा नाही, कर नाही. माणूस म्हणून माझी अब्रू. हॅमिल्टनच्या लांबलचक व्याकरणात बरच्या अब्रूबद्दल एक वाक्य नव्हतं.

आणि इथे शरीर परत येतं. हरणांच्या नरांचं बघा. स्कॉटलंडजवळच्या रम बेटावर क्लटन-ब्रॉक आणि अल्बन यांनी तांबड्या हरणांचा अभ्यास केला, १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. नर आधी एकमेकांवर डरकाळ्या फोडतात, मग शेजारून समांतर चालत एकमेकांना न्याहाळतात, आणि बऱ्याचदा एक जण तिथूनच निघून जातो. शिंगं अडकतात ती ताकद जवळपास सारखी असेल तेव्हा. मेनार्ड स्मिथ आणि प्राइस यांनी १९७३ मध्ये 'नेचर'मध्ये अशा झुंजींचं गणितच मांडलं होतं. हरणाची गोष्ट इथे संपते, कारण निघून गेलेल्या हरणाबद्दल दुसऱ्या दिवशी पेपरात काही येत नाही. माणसाचं तसं नाही. माणसाला निघून जाताना आपण का गेलो याची गोष्ट सोबत न्यावी लागते.

माफीचंही तसंच. जपानमध्ये ओहबुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. मदतनिसाच्या चुकीमुळे विद्यार्थ्यांचं काम बिघडायचं. त्याने माफी मागितली की ते त्याच्याशी मवाळ वागायचे. पण नुकसान मोठं असेल तर माफीचा असर कमी व्हायचा. पटण्यासारखं आहे. फक्त त्यात एक गोष्ट येत नाही: माफी मागणारा कोण आहे, आणि तो मागतोय ते भीतीने की मनाने, हे बघणारे कसं ठरवतात.

ते ठरवतात अंगावरून. किमान हत्यार अंगाला किंमत देणारं असेल तेव्हा तरी. लिंकनच्या हातात सर्वांत मोठी तलवार होती आणि तो समोरच्यापेक्षा सात इंच उंच होता. त्याने खुलासा दिला तर 'घाबरला' म्हणायची सोय कुणालाच नव्हती. त्याच्या उंचीने शील्ड्सला घाबरवलं नसेल, पण लिंकनला नमतं घेण्याची मुभा मात्र दिली. हॅमिल्टनकडे ही मुभा नव्हती. पिस्तुलांच्या खेळात सगळे सारखे, म्हणून तिथे नमतं घेणारा प्रत्येक जण भित्राच.

यातला अन्याय कुणाच्या वाट्याला आला ते वेगळं सांगायला नको. सगळी पहिली पावलं शील्ड्सच्या बाजूला टाकावी लागली: पत्र मागे घे, धमकी मागे घे, मग मिळेल. अपमान झालेला तो, लहान चणीचा तो, आणि माघार घेतल्याचा ठपकाही त्याच्यावरच. आजही ही गोष्ट सांगताना लोक 'लिंकनला बघून टरकला' असंच सांगतात. लहान चणीच्या माणसाचा समेट हा समेट म्हणून मोजलाच जात नाही. ऑफिसात सिनियर 'माझं चुकलं' म्हणाला की मोठा माणूस, आणि नवीन पोरगा म्हणाला की अप्रेझलमध्ये नोंद, तसंच आहे हे.

शील्ड्सला ते टोचत असणारच, कारण प्रकरण तिथे मिटलं नाही. सेकंडांनी आपापली हकीकत पेपरात छापली, आणि कुणी किती पड खाल्ली यावर नवं भांडण जुंपलं. शील्ड्सने लिंकनच्या मित्राला, बटलरला, आव्हान दिलं. व्हाइटसाइड आणि मेरीमन यांच्यात आव्हानांच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या. ५ ऑक्टोबरला लिंकनने जोशुआ स्पीड या मित्राला पत्र लिहून गावात द्वंद्वांची साथ अजून चालूच असल्याचं मजेत कळवलं. सुदैवाने रक्त कुणाचंच सांडलं नाही.

४ नोव्हेंबरला लिंकन आणि मेरी टॉड यांचं लग्न झालं. शील्ड्स पुढे इलिनॉय, मिनेसोटा आणि मिसुरी अशा तीन वेगवेगळ्या राज्यांतून सेनेटवर गेला. हे जमलेला तो आजवरचा एकमेव माणूस. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यावर राष्ट्राध्यक्ष लिंकनने त्याला ब्रिगेडियर जनरल नेमलं. त्याच काळात एका लष्करी अधिकाऱ्याने लिंकनला गंमतीने विचारलं, तुम्ही म्हणे एकदा द्वंद्वयुद्धाला गेला होता? मेरीच्या आठवणीप्रमाणे लिंकनचा चेहरा लाल झाला. नाकारत नाही, तो म्हणाला, पण माझी मैत्री हवी असेल तर हा विषय पुन्हा काढू नका.